गोकुळच्या गाडीतलं मिसिंग

कारभारी आणि त्याचा पोरगा गोकुळ यांचं बोलणं बंद आहे, असं कुणी म्हटलं की सरूबाईला राग यायचा. बंद कुठं आहे? दर शुक्रवारी होतं की. फक्त ते तिच्या तोंडातून जातं, एवढंच.

गोकुळ कुवेतला. तिथल्या एका मोठ्या वर्कशॉपात गाड्या ट्यून करायला, आणि शुक्रवारी त्याला सुट्टी. कारभारी पडेगावला, दौलताबाद रोडवरच्या आपल्या गॅरेजमागच्या घरात, बाजेवर. आणि फोन सरूबाईच्या हातात, स्पीकर चालू.

"त्याला म्हणावं, इकडं थंडी लई पडलीय."

"आबांना सांग, इकडं बी पडलीय. स्वेटर घाला म्हणावं."

"त्याला म्हणावं, घातलाय."

दोघांना एकमेकांचं अगदी स्वच्छ ऐकू यायचं. तरी सरूबाईनं मधे "म्हणतेत, घातलाय" असं म्हटल्याशिवाय गाडी पुढं सरकायची नाही. जुन्या काळी पोस्टात ट्रंक कॉल जोडून देणारी बाई बसायची म्हणे, तसं तिचं झालं होतं. त्या बाईला निदान पगार तरी असेल. एका शुक्रवारी तिनं मुद्दाम तोंड मिटून घेतलं. बघू तरी काय होतंय ते. काही झालं नाही. फोनमध्ये पोरगा श्वास घेत होता, बाजेवर बाप श्वास घेत होता, आणि कुणीच फोन ठेवत नव्हतं. शेवटी तिलाच राहवलं नाही. "जेवलास का रे?" तिनं विचारलं आणि दोन्हीकडून सुटल्यासारखा आवाज आला.

हे कशानं झालं ते साऱ्या पडेगावाला ठाऊक होतं. ते दारातच उभं होतं ना, कडुनिंबाखाली. पांढरी मारुती एट हंड्रेड. वरून बघावं तर एखाद्या शाळामास्तरची वाटावी अशी गरीब गाडी. पण गोकुळनं तिचं इवलंसं इंजिन काढून त्या जागी एस्टीमचं मोठं इंजिन बसवलं होतं. "बकरीच्या अंगात बैल घातला पोरानं," असं कारभारी गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायचा. कौतुक तोवरच टिकलं. पुढं गोकुळनं कार्बोरेटर काढला आणि कॉम्प्युटर बसवला. कॉम्प्युटर म्हणजे काय, तर डब्याच्या झाकणाएवढी एक पेटी आणि तिला वायरींचा हा एवढा गुंता. इंजिनाला कधी किती पेट्रोल द्यायचं ते आता ती पेटी ठरवायची. आणि ती सढळ हातानं ठरवायची. पडेगाव सुटलं की गाडी अशी जायची, की रस्त्याकडंचे पेरूवाले आपल्या टोपल्या धरून बसायचे.

एक दिवस गाडी दौलताबादच्या वेशीच्या दगडाला घासून आली. दाराला लांबच लांब ओरखडा. कारभारी त्या ओरखड्यावरून बोट फिरवत उभा राहिला. पुढं गोकुळ कसल्याशा कोर्सला पुण्याला गेला, तेव्हा बापानं कॉम्प्युटर काढला, वायरींचा गुंता काढला आणि आपल्या हातानं साधा, सोज्वळ कार्बोरेटर बसवला. इंजिनात हवा नेणारी नळी, म्हणजे मॅनिफोल्ड, तिच्या सांध्यातलं पॅकिंगसुद्धा विकत आणलं नाही. जाड कागद लोखंडावर धरून, हातोडीनं कडेकडेनं ठोकत, स्वतः कापलं. वर गाडी धुतली. "सुधारली बघ गाडी," तो हात पुसत सरूबाईला म्हणाला, आणि तो खरंच खूश होता. पोराला आता काही होणार नाही म्हणून खूश.

गोकुळ आला. त्यानं बॉनेट वर केलं, बघितलं, आणि हळूच खाली टेकवलं. आपटलं असतं तर सरूबाईला बरं वाटलं असतं.

त्यानंतर कुवेत.

काढलेली पेटी "फेकून दे" असं कारभारी म्हणाला होता. सरूबाईनं ती पिशवीत गुंडाळून ज्वारीच्या पिठाच्या डब्यात, तळाला ठेवली. ती वस्तू कशाची आहे हे तिला कळत नव्हतं. पण भांडण त्या वस्तूत आहे एवढं कळत होतं, आणि घरातलं भांडण कुणी उकिरड्यावर टाकत नाही.

*

सोनियाचं लग्न ठरलं. गोकुळच्या पाठीवरची ही एकच. मुलगा लासूर स्टेशनचा, माणसं बरी. तारीख निघाली आणि शुक्रवारच्या फोनवर गोकुळ म्हणाला, "आई, सुट्टी नाय देत गं कंपनी."

सरूबाईला हेच कळेना, की 'नाही' कंपनीचं आहे का गोकुळचं. तो खरं बोलत असेल तर कंपनीला शिव्या देता आल्या असत्या. खोटं बोलत असेल तर रडता आलं असतं. यातलं काहीच नीट करता येत नव्हतं. तिनं बाजेकडं बघितलं. तिची खात्री होती, की कारभारीनं एकदा, नुसतं एकदा "ये" म्हटलं तर खरंखोटं लगेच कळेल.

कारभारी खाकरला. "त्याला म्हणावं, जमत असंल तर बघ."

'जमत असंल तर बघ' हे आपण गॅस सिलिंडरवाल्याला म्हणतो.

"म्हणतेत, जमत असंल तर बघ," सरूबाई म्हणाली. तिला स्वतःच्या तोंडाची लाज वाटली.

"बघतो म्हणावं," गोकुळ म्हणाला.

सोनिया आत बसून सगळं ऐकत होती. ती उठून बाहेर आली. "भाऊ येत नसंल तर नको येऊ दे. पण त्याची गाडी येईल. मी पाठवणीला भाऊच्याच गाडीत बसणार. आणि त्यानं केली होती तश्शीच पायजे. ते कार्बोरेटर काढा, आबा."

"जावयानं इनोव्हा सांगितलीय."

"मग जावयाला बसवा इनोव्हात."

कारभारीनं बायकोकडं बघितलं. सरूबाई गव्हातले खडे निवडत होती, ती निवडतच राहिली.

दुसऱ्या दिवशी कडुनिंबाखालची पानं झाडून निघाली.

कामाला तौफिक होता. शेजारच्या शेडमधला वायरमन, गोकुळचा शाळेपासूनचा दोस्त. बॉनेट उघडलं तर उंदरांनी आत संसार मांडलेला. टाकीतल्या पेट्रोलचं डिंकासारखं काहीतरी झालेलं. ब्रेक असे जाम, की चौघांनी ढकलली तरी गाडी हलेना. एकेक करत सगळं मार्गी लागलं. पिठाच्या डब्यातून पेटी निघाली तेव्हा तौफिकनं फुंकर मारली आणि त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या.

"काकू, गाडीला जोडू का याच्या भाकरी टाकू?"

"जोड गुमान."

कार्बोरेटर निघाला. जोडताना तौफिक म्हणाला, "उस्ताद, मॅनिफोल्डचं पॅकिंग बी बदलून टाकू या का? जुनं झालंय."

"ते माझ्या हातचं हाय," कारभारी म्हणाला. "त्याला काय धाड भरलीय? हात लावू नको."

तौफिकनं हात लावला नाही.

गाडी चालू झाली तेव्हा गल्लीतली कुत्री एकदम भुंकायला लागली. सोनियानं टाळ्या वाजवल्या. सरूबाईच्या छातीत त्या इंजिनाचा आवाज बसला. किती दिवसांनी घरात गोकुळचा आवाज आल्यासारखा. पण रेस सोडून गाडी नुसती उभी ठेवली, की मधेच काहीतरी चुकत होतं. चालताचालता उचकी लागावी तसं. सगळी गाडी दचकायची, आरसा थरथरायचा, आणि परत सुरळीत.

"मिसिंग मारतीय," कारभारी म्हणाला.

मिसिंग म्हणजे काय ते मेकॅनिकच्या बायकोला कुणी सांगावं लागत नाही. इंजिनात चार खण, चारही खणांत पाळीपाळीनं पेट घ्यायचा. एखादा खण पेटायचा चुकला, की ते मिसिंग. तीन जण जेवायला बसलेत आणि चौथं ताट तसंच, तसला प्रकार.

*

कॉम्प्युटरवाली गाडी कानानं आणि स्क्रू-ड्रायव्हरनं ट्यून होत नाही. सोनियाचा लॅपटॉप वायरीनं गाडीला जोडला, आणि गोकुळ कुवेतमधून, जेवणाच्या सुट्टीत, तो लॅपटॉप चालवायला लागला. पडद्यावरचा बाण आपोआप हलायचा. सरूबाई त्या बाणाकडंच बघत बसायची. पोराचा हात आहे तो, असं तिला वाटायचं.

"आकडे तर समदे सरळ दिसतेत," गोकुळ फोनवर म्हणाला. "आई, मला आवाज ऐकव. फोन इंजिनाजवळ धर."

तिनं धरला.

"चालू कर ना."

"चालूच हाय की!"

"काय बी येत नाय."

तिनं फोन अजून आत नेला. पंख्याच्या वाऱ्यानं पदर उडायला लागला, कान बधिर झाले. आणि तिकडं पोरगा म्हणतोय, "आई, तुझा श्वास येतोय फक्त."

तौफिकनं कपाळावर हात मारला. "काकू, नवा फोन है. आजूबाजूचा गोंगाट काढून टाकतो. माणसाचा आवाज तेवढा पुढं पाठवतो. बाकी सगळं त्याच्या लेखी कचरा."

"एवढी बोंब मारतीय गाडी, आणि कचरा?"

गाडीखालून कारभारीचा आवाज आला. "त्याला म्हणावं, बापाचं ऐकायचं नाय, ही शाळा तू फोनला बी शिकवलीस का?"

हे सरूबाईनं पुढं पाठवलं नाही. पण फोननं पाठवलंच, माणसाचा आवाज ना.

मग व्हिडिओ काढून पाठवला. त्यात आवाज असा फाटून गेला, की गोकुळ म्हणाला, कढईत पापड तळल्यागत येतंय सगळं. शेवटी तोच म्हणाला, "आई, तू तोंडानं करून दाखव."

"मी? गाडी?"

"कर ना. मिसिंग कसं येतंय तेवढं."

सरूबाईनं आजूबाजूला बघितलं. समोरच्या पंक्चरच्या दुकानात माणसं बसलेली. घरात लग्न निघालेलं, अंगावर नवी साडी. तिनं पदर तोंडावर ओढला आणि फोनमध्ये म्हणाली, "ढुर ढुर ढुर ढुर फुस. ढुर ढुर फुस. ढुर..."

"आई, ही पिठाची गिरणी झाली."

तौफिक टायरवर बसून पोट धरून हसत होता. सोनियानं तोंडात ओढणी कोंबली होती. गाडीखाली पान्हा जोरात आपटल्याचा आवाज झाला.

"बरं, एवढंच सांग," गोकुळ म्हणाला, "उचकी ठरल्या जागी येतीय का कुठं बी?"

सरूबाईनं कान लावला. ती सोनियाच्या लग्नाच्या काळजीनं ऐकत होती, गोकुळच्या काळजीनं ऐकत होती, आणि काळजीच्या कानाला सगळं कुठंही, कधीही घडतंय असंच ऐकू येतं. "कुठं बी रे बाबा," ती म्हणाली. "नेमच नाय त्याला."

त्यावरून गोकुळनं प्लग बदलायला लावले. मग प्लगच्या वायरी. मग कॉइल. टाकी परत धुवायला लावली. तौफिक शहागंजापासून चिकलठाण्यापर्यंत हिंडून सामान आणत होता, बसवत होता, आणि गाडी तशीच उचकत होती. दारात मांडव पडला. बायका हळद कुटायला आल्या. त्यांची गाणी एकीकडं आणि गाडीचं फुसफुसणं एकीकडं. सरूबाई हळदीच्या हातांनी मधूनच बाहेर यायची, फोनमध्ये "ढुर ढुर" करायची आणि आत जायची.

त्यातच लासूरहून विहिणीचा, लक्ष्मीबाईंचा फोन आला. आवाज एकदम हळवा. "विहीणबाई, सापडला का हो?"

"कोण?"

"तुमचा गोकुळ. आमच्याकडं कुणीतरी सांगितलं, गोकुळ मिसिंग हाय म्हणून."

गोकुळ नाही, गोकुळची गाडी, आणि तीही हरवलेली नाही, असं समजावताना सरूबाईच्या तोंडाला फेस आला. फोन ठेवला आणि मग ती चुलीपाशी नुसतीच बसून राहिली. विहीण फार चुकलेली नव्हती.

कान पिळायचा प्रश्न होताच. लग्नात नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा असतो, माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून. भाऊ नाही तर चुलतभाऊ. पण सोनियानं जाहीर केलं, "तौफिकभाई पिळतील."

"मी?" तौफिक घाबरला. "नक्को बाबा. जोरात पिळला गेला तर लासूरवाले मला सोडतील का?"

"हळू पिळा."

"मेकॅनिकच्या हाताला हळू जमत नाय, ताई."

सगळे हसले. कारभारी हसला नाही. तो उठून गाडीकडं गेला आणि बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. पोराचा ताप बघतात तसा.

*

हळदीच्या दिवशी सकाळी गोकुळ परत फोनवर आला. सोनियाच्या अंगाला हळद लागायची होती, गुरव यायचा होता, आचाऱ्याला तेल हवं होतं. आणि सरूबाई बॉनेटमध्ये वाकून, घसा बसेपर्यंत, "ढुर ढुर" करत होती. आता तिला खरी गाडी कोणती आणि आपली कोणती हेच कळेनासं झालं होतं.

"आई, काल वेगळं करत होतीस."

"काल दम होता रे माझ्यात."

"नाय कळत गं असं. राहू दे. इनोव्हात जाऊ दे तिला."

हे तो सहज म्हणाला. पण त्याच्या आवाजातली ती सहजता सरूबाईला ओळखीची होती. बॉनेट त्यानं असंच खाली टेकवलं होतं.

तिच्या हातातला फोन कुणीतरी ओढला.

"अगं, काय गाढवावानी करायलीस मघापासनं? ते असं हाय का?" कारभारीनं फोन तोंडापाशी धरला. डोळे मिटले. आणि त्याच्या घशातून गाडी निघाली.

"गुडगुडगुड-ग. गुडगुडगुड-ग. गुडगुडगुड-ग."

तौफिकच्या हातातला पान्हा तसाच राहिला. चालू गाडी आणि चालू माणूस, दोघं एकाच ठेक्यात. डोळे मिटले असते तर अंगणात दोन गाड्या उभ्या आहेत असं वाटलं असतं.

सरूबाईला बऱ्याच वर्षांमागचं आठवलं. गोकुळ लहानपणी जेवायचा नाही. घास तोंडाशी नेला की तोंड फिरवायचा. मग कारभारी कामाचे काळे हात मागं बांधून समोर बसायचा आणि तोंडानं गाडी काढायचा. "वळख कोणती?" पोरगा डोळे मोठे करून ऐकायचा. "टेम्पो!" बरोबर आलं की घास. "यष्टी!" घास. "मास्तरची लूना!" घास. आवाजावरून गाडी ओळखायला तो नीट बोलायच्या आधी शिकला आणि घरातलं ताट त्या गाड्यांवर रिकामं झालं.

कारभारी थांबला. धापा टाकत उभा राहिला.

मग गोकुळ म्हणाला, "परत."

"गुडगुडगुड-ग. गुडगुडगुड-ग."

"रेस द्या."

द्या. 'द्यायला सांग' नाही, द्या. सरूबाईनं गाडीच्या दाराला धरलं.

कारभारीनं रेस दिली. घशातलं इंजिन वर चढलं, मोकळं झालं, उचकी नाहीशी झाली, मानेच्या शिरा फुगल्या.

"सोडा."

आवाज खाली उतरला. "गुडगुडगुड... फट्. गुडगुड... फट्. गुडगुडगुड-ग."

"फट् पुढनं का मागनं?"

हे तोंडानं गाडी काढून सांगता येण्यासारखं नव्हतं. याला शब्दच लागणार होता. कारभारीनं ओठ पुसले.

"मागनं," तो म्हणाला. "सायलेन्सरमधनं."

"मिसिंग ठरल्या जागी हाय. दर चौथ्याला. रेसवर जातंय." गोकुळ भराभर बोलत होता, स्वतःशी बोलावं तसा. "एकच खण बाहेरची हवा खातोय. पॅकिंग. मॅनिफोल्डचं पॅकिं..."

आणि तो थांबला. कुवेतमध्ये बसून त्याला ते पॅकिंग दिसलं असणार. कुणाच्या हातचं आहे ते.

तौफिक टायरकडं बघायला लागला. सोनिया पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागली. बॉनेटमध्ये खरी गाडी एकटीच उचकत राहिली.

"हं," कारभारी म्हणाला. त्यानं फोन सरूबाईच्या हातात दिला. "त्याला म्हणावं, बघतो."

दोघांमधलं दार उघडलं होतं आणि परत लागलं. सरूबाईनं फोन कानाला लावला. "म्हणतेत, बघतो," ती कशीबशी म्हणाली.

"ऐकलं मी," गोकुळ म्हणाला.

पॅकिंग निघालं तेव्हा एका कोपऱ्याला वाळल्या पापडासारखं चिरलेलं होतं. केसाएवढी फट. कारभारीनं ते उन्हात धरून बघितलं, खिशात घातलं आणि तौफिकला म्हणाला, "कंपनीचं घेऊन ये." आयुष्यात पहिल्यांदा त्यानं पॅकिंग विकत आणायला सांगितलं.

नवं पॅकिंग बसलं. गाडी चालू झाली आणि कडुनिंबाखाली एकदम शांतता पसरल्यासारखं झालं. लॅपटॉपवरचा बाण इकडंतिकडं फिरला, गोकुळनं दोनचार आकडे बदलले, आणि इंजिन ऊन खात पडलेल्या मांजरासारखं गुरगुरायला लागलं. आरसा हलेना. तौफिकनं बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवून दाखवला.

"झालं का आई?"

"झालं रे! आता काय बी नाय."

"आबांना विचार."

कारभारी नळाखाली, निरम्यानं हात धूत होता. "झालं म्हणावं."

"म्हणतेत, झालं."

"बरं," गोकुळ म्हणाला. त्याला ते ऐकायचं होतं, हे तिला समजत होतं. इतके दिवस बिघडलेलं ऐकायला सगळ्यांनी जिवाचं रान केलं. आता नीट झालेलं त्याला कोण ऐकवणार?

फोन ठेवायच्या आधी ती नळापाशी गेली. फोन पदरात दाबला आणि हळू आवाजात म्हणाली, "अहो, म्हणा की त्याला. ये म्हणा."

"सुट्टी नाय त्याला."

"नसू दे. तुम्ही म्हणा तर."

कारभारीनं हात झटकले. नखांतलं काळं काही निघालेलं नव्हतं. "आणि नाय म्हणला तर?"

सरूबाई उभी राहिली. इतकी वर्षं तिला वाटत होतं की हा माणूस हट्टानं बोलत नाही. तिनं फोन कानाला लावला तेव्हा तो कधीच बंद झाला होता.

*

लग्न लागलं. तौफिकनं नवी टोपी घालून नवरदेवाचा कान पिळला आणि नवरदेव "आई गं" असा ओरडला, की अक्षता टाकायला आलेली माणसं हसून बेजार झाली. "सांगितलं होतं ना, हळू जमत नाय," तौफिक म्हणाला. हे सगळं गोकुळनं फोनच्या पडद्यावर बघितलं. हसताना तो मागं वळून दुसरीकडं बघायला लागला, ते सरूबाईनं बघितलं.

ऊन कललं आणि पाठवणी निघाली. पांढऱ्या मारुतीवर झेंडूच्या माळा. ओरखड्यावर सोनियानं मुद्दाम माळ लावू दिली नव्हती. जावई मुकाट्यानं मागं बसला होता, चालवायला तौफिक. सोनिया सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली आणि शेवटी बापाच्या छातीला डोकं लावून उभी राहिली. कारभारीनं तिच्या डोक्यावरून एकदाच हात फिरवला. मग दार त्यानंच लावलं. हळूच.

बँड सुरू झाला. सरूबाईच्या हातात फोन, फोनमध्ये गोकुळ.

"आई, चालू झाली का? जवळ ने ना."

ती गर्दीतून वाट काढत सायलेन्सरपाशी गेली, वाकली, गुडघ्यावर बसली. नव्या साडीला धूळ लागली. "आलं का?"

"नाय. बँड बी नाय येत. नुसतं बायकांचं रडणं येतंय."

"थांब. इकडनं बघ. आता?"

"नाय गं आई."

गाडी हलली. सरूबाई फोन पुढं करून चार पावलं तिच्यामागं धावली, आणि थांबली. लांबवलेला हात तसाच राहिला. धावून काय होणार होतं? झेंडूच्या माळा हेलकावत गाडी रस्त्याला लागली. पहिला गिअर, दुसरा. कुठं अडखळणं नाही, कुठं दचकणं नाही.

"मिसिंग नाय ना?" फोन विचारत होता. "आई? मिसिंग नाय ना?"

कारभारी शेजारी येऊन उभा होता. त्यानं तिच्या हातातून फोन घेतला. लोकांकडं पाठ केली, गॅरेजच्या भिंतीकडं तोंड केलं आणि फोन ओठांपाशी धरला.

"गुडगुडगुडगुड," त्यानं सुरू केलं. सलग, मऊ, पाण्याचा पेला हलणार नाही असं. मग क्लच सोडला. पहिला गिअर. आवाज चढत गेला, दुसरा पडला. तिकडं गाडी पेरूवाल्यांच्या पुढं गेली होती.

मागून त्याचे खांदे तेवढे हलताना दिसत होते. विहिणीकडची एक बाई पदर डोळ्याला लावून म्हणाली, "बाप लई रडतोय बाई."

तिसऱ्या गिअरला काहीतरी झालं. "गुडगुडगुड-ग." त्यानं गिळलं, परत धरलं. "गुडगुड... ग." परत.

फोनमधून गोकुळचा आवाज आला, बारीक. "आबा, मिसिंग येतंय."

कारभारीनं डावा हात भिंतीला टेकवला. रस्त्यावर गाडी वळणापाशी पोचली होती, आणि तिला काहीही झालेलं नव्हतं.

"गाडीत नाय," तो म्हणाला. मग बऱ्याच वेळानं, "गाडीत नाय रे."

सरूबाई त्याच्या मागं उभी होती. तिच्या हातात फोन नव्हता, आणि कुणाचंच काही कुणाला सांगायचं तिच्याकडं दिलेलं नव्हतं. रिकाम्या हातांचं काय करावं ते तिला कळेना. तिनं साडीची धूळ झटकली, ती गेली नाही. तिनं वाट बघितली, की दोघांपैकी कुणीतरी 'ये' नाहीतर 'येतो' एवढा एक शब्द म्हणेल. कुणीच म्हणालं नाही. वळणावरून गाडी दिसेनाशी झाली.

"परत," फोन म्हणाला.

कारभारीनं घसा साफ केला आणि पहिल्या गिअरपासून परत सुरुवात केली.